एका ३-५००झेडचा लिनिअर: १५ आणि १० मीटरवर डिप नाही, एकदा मोठा आवाज होऊन एचटी फ्यूज उडाला

ग्रिडग्राउंड

नमस्कार मंडळी,

एका ३-५००झेड ट्यूबवर हॅम रेडिओच्या ८० ते १० मीटर बँडसाठी ग्राउंडेड-ग्रिड (ग्रिड चासीला जोडलेला) लिनिअर, म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अँप, बांधला आहे. अडचणी दोन-तीन आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे की वेगवेगळं, ते उलगडत नाही. आधी तपशील देतो.

एचटी (ॲनोडला दिलेलं उच्च डीसी व्होल्टेज): बिनभाराची ३२५० व्होल्ट, ३५० मिलिअँपिअर ओढताना २८०० व्होल्ट. ब्रिज रेक्टिफायरपुढे २७० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे ८ इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये, प्रत्येकावर १०० किलोओहम ३ वॉटचा रेझिस्टर. एचटी प्लसमध्ये साधा काचेचा फ्यूज, बाकी काही नाही.

बायस (सिग्नल नसताना ट्यूब किती करंट ओढेल ते ठरवणारं व्होल्टेज): फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला ५.१ व्होल्ट, ५० वॉटचा झेनर. ग्रिडच्या २, ३, ४ या तिन्ही पिना पट्टीने थेट चासीला.

सप्रेसर (ॲनोडच्या वाटेतला, नको ती व्हीएचएफ ऑसिलेशन दाबणारा): १२ मिमी व्यासाचे ४ वेढे, त्यांना समांतर १०० ओहम २ वॉटचे २ कार्बन रेझिस्टर.

टँक (ट्यूब अँटेनाशी जुळवणारं ट्यून्ड सर्किट): पाय नेटवर्क, क्यू (टँकमध्ये ऊर्जा किती फिरते याचं माप) १२ धरून तक्त्यावरून काढलेलं. ट्यून कॅपॅसिटर १२ ते १५० पिकोफॅरड, लोड कॅपॅसिटर १००० पिकोफॅरडपर्यंत. १० मीटरची कॉइल ६ मिमी तांब्याच्या नळीची: व्यास ५० मिमी, १० वेढे, लांबी ८० मिमी.

८० आणि ४० वर डिप (टँक जुळला की प्लेट, म्हणजे ॲनोड, करंट खाली पडणं) स्वच्छ मिळतो, ४५ वॉट ड्राइव्हला (इनपुट पॉवरला) डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) ६०० वॉट येतात. २० वर डिप मिळतो, पण ट्यूनच्या प्लेटा जवळजवळ पूर्ण उघडाव्या लागतात. १५ आणि १० वर डिप मिळतच नाही. १५ वर डिप शोधताना सुमारे २५ सेकंद कॅरिअर चालू राहिला, ॲनोड लाल होऊन नारिंगीवर गेला आणि मोठा आवाज होऊन फ्यूज उडाला. नवा फ्यूज घातल्यावर अँप चालतो, पण आयडल (ड्राइव्ह नसतानाचा) करंट आधी १२५ मिलिअँपिअर होता तो आता १६५ आहे आणि ड्राइव्ह नसतानाही ॲनोड लाल दिसतो. सप्रेसरचे रेझिस्टर तपकिरी पडलेत. ग्रिड मीटरचा काटा वाकलाय.

ट्यूब गेली का? हे पॅरासिटिक ऑसिलेशन (अँप भलत्याच फ्रिक्वेन्सीवर स्वतःहून ऑसिलेट होणं) आहे का? आणि डिप का मिळत नाही?

कथिल_राळ

आधी अँप बंद ठेवा. ट्यूब गेली असं या लक्षणांवरून वाटत नाही, झेनर गेलाय असं वाटतं.

३-५००झेडचा शून्य बायसला आयडल करंट २५०० व्होल्टला साधारण १३० आणि ३००० व्होल्टला साधारण १६० मिलिअँपिअर असतो. आयडलला तुमची एचटी ३०५०च्या आसपास असणार, म्हणजे १६५ हा बरोबर शून्य बायसचा आकडा झाला. झेनर शॉर्ट झाला की बायस शून्य. मेन्सची वायर काढून, एचटी उतरल्याची खात्री करून, झेनर सर्किटमधून सोडवा आणि मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी मोजा. दोन्हीकडे शून्य दिसलं की निकाल लागला.

३०५० गुणिले ०.१६५ म्हणजे ५०० वॉट. ट्यूबचं ॲनोड डिसिपेशनच (ॲनोड सोसू शकतो ती उष्णता) ५०० वॉट आहे, म्हणजे तुम्ही काही बोललाही नाहीत तरी ती काठावर चालते आहे. या स्थितीत ती चालवू नका.

नवा झेनर घालण्यापेक्षा १एन५४०८ डायोड १२ किंवा १३ सिरीजमध्ये, एकाच दिशेने लावा. प्रत्येकावर ०.७ ते ०.८ व्होल्ट पडतो, एकूण साडेनऊच्या आसपास बायस मिळतो. ट्यूबचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १३० आहे, त्यामुळे एवढ्याने आयडल ९० मिलिअँपिअरच्या जवळ येईल. ५.१ व्होल्टवर तुमचे १२५ मिलिअँपिअर म्हणजे आयडललाच ३८० वॉट उष्णता होत होती, तेही या एचटीला जास्तच होतं. डायोडची माळ एका अर्थाने झेनरपेक्षा दणकट पडते: उष्णता १२ ठिकाणी वाटली जाते, आणि हवा तसा एखादा डायोड कमी-जास्त करून आयडल जुळवता येतो. माळेला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावायला विसरू नका.

टँककॉइल

डिपचं गणित सोपं आहे, पण तक्ते ते सांगत नाहीत म्हणून पुष्कळजण इथे अडकतात. सविस्तर लिहितो.

एबी वर्गात लोड रेझिस्टन्स काढायचा तर ॲनोड व्होल्टेज भागिले १.५७ गुणिले करंट. तुमचं २८०० भागिले ०.५५ म्हणजे सुमारे ५१०० ओहम. दोन ट्यूबच्या अँपमध्ये हा आकडा निम्मा होतो आणि सगळं सुखाने बसतं. एकाच ट्यूबवर एवढी एचटी लावली की वरच्या बँडवर कॅपॅसिटन्सची चणचण सुरू होते.

क्यू १२ धरला तर ॲनोडकडच्या कॅपॅसिटरचा रिॲक्टन्स ४२५ ओहम हवा. ८० मीटरला तो १०४ पिकोफॅरड होतो, ४० ला ५३, २० ला २६, १५ ला १८ आणि १० मीटरला फक्त १३. कॉइल त्याच क्रमाने १९.७, १०, ५, ३.३ आणि २.५ मायक्रोहेन्री. तुमची १० मीटरची कॉइल मापांवरून २.४ मायक्रोहेन्री येते, म्हणजे तक्त्याप्रमाणे ती बिनचूक बांधली आहे.

आता ॲनोडवर खरोखर किती कॅपॅसिटन्स आहे ते बघा. ट्यून कॅपॅसिटर पूर्ण उघडला तरी १२ उरतात. ट्यूबची स्वतःची आउटपुट कॅपॅसिटन्स पावणेपाच. ॲनोडची टोपी, ब्लॉकिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून रेडिओ फ्रिक्वेन्सी, म्हणजे आरएफ, टँककडे सोडणारा), चोकचं (आरएफ अडवून एचटी आणणाऱ्या कॉइलचं) वरचं टोक आणि जोडपट्ट्या यांची चासीशी मिळून ७-८ सहज होते. बेरीज २५. त्याखाली तुम्ही जाऊच शकत नाही. २० मीटरला २६ हवेत, म्हणून तिथे प्लेटा जवळजवळ पूर्ण उघड्या राहून कसाबसा डिप मिळतो. १५ ला १८ हवेत, १० ला १३. टँक त्या बँडच्या खालीच कुठेतरी रेझोनेट होतोय. तुमची लक्षणं या आकड्यांशी तंतोतंत जुळतात, म्हणून मला या निदानाबद्दल शंका नाही. खात्री हवी असेल तर सगळं बंद आणि डिस्चार्ज करून चोक आणि कॉइल दोन्ही सोडवा, ट्यून पूर्ण उघडा ठेवा, ट्यूब सॉकेटमध्येच राहू द्या आणि ॲनोडपासून चासीपर्यंत कॅपॅसिटन्स मीटरने मोजा. चोक जोडलेला राहिला तर मीटर त्याच्या खालचा बायपास कॅपॅसिटर मोजेल आणि आकडा भलताच येईल.

उपाय: आहे त्या २५ पिकोफॅरडला सत्य मानून कॉइल लहान करा. २८.५ मेगाहर्ट्झला २५ पिकोफॅरडचा रिॲक्टन्स २२३ ओहम, म्हणून क्यू २३. त्या क्यूला कॉइल १.३५ मायक्रोहेन्री लागते आणि लोड कॅपॅसिटर सुमारे २३० पिकोफॅरड. तुमच्याच कॉइलवर साडेसहाव्या वेढ्यापासून टॅप शोधायला सुरुवात करा. १५ मीटरला क्यू १७ येईल, कॉइल २.४ मायक्रोहेन्री, लोड सुमारे २०० पिकोफॅरड. म्हणजे आज १० साठी बांधलेली पूर्ण कॉइल १५ ला चालेल, हा योगायोग कामाचा आहे. १७ मीटर घेणार असाल तर तिथेही २५ किंचित जास्तच आहेत, क्यू साडेचौदा धरा.

क्यू वाढल्याची किंमत मोजावी लागते. ६०० वॉटला ५१०० ओहमवर आरएफ व्होल्टेज १७५० आरएमएस. क्यू १२ ला टँकमध्ये ४ अँपिअर फिरले असते, क्यू २३ ला पावणेआठ फिरतील. कॉइलचा बिनभाराचा क्यू २०० धरला तर आधी ३६ वॉट कॉइलमध्ये गेले असते, आता ६९ जातील. ६ मिमी नळी हे सोसते. त्रास होतो तो बँडस्विचच्या संपर्कांना आणि टॅपच्या जोडाला, तेव्हा टॅप पट्टीने गुंडाळून, स्क्रूने आवळून, मग कथिल द्या. नुसत्या कथिलावर टांगलेला टॅप १० मीटरवर वितळतो.

क्यू खाली आणायचा असेल तर कमी किमान कॅपॅसिटन्सचा ट्यून कॅपॅसिटर लावा. ५ ते २५० पिकोफॅरडचा व्हॅक्यूम कॅपॅसिटर उत्तम. नाहीतर ट्यून कॅपॅसिटर ॲनोडच्या टोकाला न जोडता कॉइलच्या पहिल्या-दुसऱ्या वेढ्यानंतर जोडा, म्हणजे त्याचे १२ पिकोफॅरड ॲनोडला कमी दिसतात. मात्र असं केल्यावर व्हीएचएफला नवा रेझोनन्स तयार होऊ शकतो, तो तपासावा लागतो. चासी आणि ट्यून कॅपॅसिटरच्या स्टेटरमधलं अंतर वाढवल्यानेही एखाद-दुसरा पिकोफॅरड सुटतो.

टॅप जागेवर बसवण्यासाठी एचटीची गरजच नाही. मेन्स काढलेली, एचटी चासीला शॉर्ट केलेली, ट्यूब जागेवर. ४.७ किलोओहम आणि ३९० ओहम असे दोन फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये, आखूड पायांनी, ॲनोडपासून चासीपर्यंत लावा. अँटेना रिले बाहेरून व्होल्टेज देऊन ट्रान्समिट स्थितीत ओढा. आउटपुट सॉकेटला नॅनोव्हीएनए (छोटा नेटवर्क ॲनलायझर) किंवा अँटेना ॲनलायझर लावा. ट्यून आणि लोड फिरवून एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलेलं) १ च्या जवळ आला की टँक ५१०० ओहमला ५० ओहम दाखवतोय. प्रत्येक बँडचे डायलचे आकडे लिहून ठेवा. प्रत्यक्ष अँप चालू केल्यावर ते थोडेच सरकतात. आणि ते दोन्ही रेझिस्टर काढल्याशिवाय एचटी लावू नका. नॅनोव्हीएनए तर आधी काढाच.

शंभर_मेगा

टँकचं मान्य. पण सप्रेसरचे रेझिस्टर तपकिरी झालेत आणि मोठा आवाज झाला, ही दोन्ही पॅरासिटिकची ठरलेली लक्षणं आहेत. ३-५००झेड १०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःहून ऑसिलेट होऊ शकते. माझ्या मते सप्रेसरमध्ये आणखी एक वेढा घाला आणि ॲनोडपासून ब्लॉकिंग कॅपॅसिटरपर्यंतची पट्टी शक्य तितकी आखूड करा.

टँककॉइल

पट्टी आखूड करण्याशी सहमत. वेढा वाढवण्याशी बिलकूल नाही, कारण त्याने १० मीटरवर नवं नुकसान होईल.

४ वेढे, १२ मिमी व्यास म्हणजे सुमारे ०.११ मायक्रोहेन्री. २८.५ मेगाहर्ट्झला तो जवळजवळ २० ओहम होतो. टँक नीट जुळला की ट्यूबच्या आणि टोपीच्या कॅपॅसिटन्सला पोसणारा सुमारे २.४ अँपिअर आरएफ करंट या सप्रेसरमधूनच जाणार. समांतर ५० ओहममध्ये ३५ वॉटच्या आसपास उष्णता होईल, आणि तुमचे दोन्ही रेझिस्टर मिळून ४ वॉटचे आहेत. २ वेढे ठेवले तर इंडक्टन्स ०.०४ वर येतो आणि तीच उष्णता ५-६ वॉटवर. तरी ३ वॉटचे किमान ३ रेझिस्टर समांतर हवेत, १५० ओहमचे घ्या. मेटल ऑक्साइडचे बिन-इंडक्टिव्ह चालतील, वायरवाउंड अजिबात नको.

आज ते तपकिरी का झाले? टँक जुळलेला नव्हता, म्हणून आरएफ स्विंग कमीच होता. पण २८०० व्होल्ट आणि ३५० मिलिअँपिअर म्हणजे ९८० वॉट, आणि त्यातलं जवळजवळ सगळं ५०० वॉटच्या ॲनोडवर २५ सेकंद उष्णता होऊन पडत होतं. रेझिस्टर त्या ॲनोडपासून काही सेंटिमीटरवर, त्याच टोपीला जोडलेले. एवढ्या आचेने रंग बदलतोच.

पॅरासिटिक आहे की नाही, याचा निवाडा मोजून होतो. इनपुटला ५० ओहमचा डमी लावा, ड्राइव्ह नको. आउटपुटलाही डमी लोड. आयडलवर ठेवून प्रत्येक बँडवर ट्यून आणि लोड दोन्ही टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, नजर ग्रिड करंटवर. ड्राइव्ह नसताना ग्रिड करंट शून्यच हवा. काटा जरा जरी हलला किंवा प्लेट करंटने उडी मारली, तर ऑसिलेशन आहे. काटा निश्चल राहिला तर सप्रेसरला दोष देऊ नका.

शंभर_मेगा

चाचणी योग्य आहे, तीच आधी व्हावी. ग्रिड मीटर दुरुस्त झाल्याशिवाय मात्र तिचा काही उपयोग नाही. आणि जुने रेझिस्टर रंगावरून ठरवू नका, एक पाय सोडवून मोजा. कार्बन तापून सरकतो. १०० चे १२० झाले असतील तर टाकून द्या.

ब्लीडर

आवाजाबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं, कारण मूळ काहीही असो, त्या क्षणी अँपमध्ये जे घडलं ते पुन्हा घडू शकतं आणि तेव्हा मीटरवर निभावेलच असं नाही.

८ कॅपॅसिटर सिरीजमध्ये म्हणजे ३३.७५ मायक्रोफॅरड. ३२५० व्होल्टला त्यात १७८ ज्यूल साठलेले असतात. ॲनोड अति तापला की धातूत आणि काचेजवळच्या भागांत अडकलेला वायू सुटतो, ट्यूबच्या आत ॲनोड ते ग्रिड ठिणगी पडते, आणि ही सगळी ऊर्जा एका क्षणात त्या ठिणगीतून चासीत उतरते. तुमच्या एचटी लाइनमध्ये अडवायला काही नाही, फक्त कॅपॅसिटरचा आणि वायरचा अंगचा रोध. करंट शेकडो अँपिअरवर जातो. परत जाताना तो चासीतून एचटी मायनसकडे, म्हणजे तुमच्या मीटर शंटमधून (मीटरला समांतर असलेल्या रेझिस्टरमधून) आणि बायसच्या आसपासच्या वाटेने जातो. झेनर शॉर्ट, काटा वाकलेला, हे सगळं त्यातून आलं.

तीन गोष्टी करा, आणि त्या झाल्याशिवाय एचटी लावू नका.

पहिली, एचटी प्लसमध्ये फिल्टर आणि आरएफ चोक यांच्यामध्ये ५० ओहम, ५० वॉटचा लांबट वायरवाउंड रेझिस्टर. ठिणगीचा करंट ६५ अँपिअरवर अडतो. नेहमीच्या ३५० मिलिअँपिअरला त्यात ६ वॉट आणि साडेसतरा व्होल्ट जातात, म्हणजे काहीच नाही. रेझिस्टर लांब असायला हवा, कारण त्या क्षणी पूर्ण एचटी त्याच्या दोन टोकांत असते. आखूड चौकोनी सिरॅमिकवाला बाहेरूनच ठिणगी ओलांडून देतो.

दुसरी, एचटी मायनस आणि चासी यांच्यामध्ये १एन५४०८ डायोडची उलट-सुलट जोडी, आणि तशीच जोडी प्रत्येक मीटरवर. तुम्ही मायनस चासीपासून उचललेला आहे, तो शंटमधून चासीला येतो. शंट जळून उघडा पडला तर मायनसची सगळी बाजू चासीच्या खाली ३ हजार व्होल्टला जाऊन बसते, आणि मीटर पुढच्या पॅनेलवर तुमच्या बोटांपासून एका बोटाच्या अंतरावर आहे.

तिसरी, फ्यूज. साधा २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज ३ हजार व्होल्टवर तुटला तरी आत ठिणगी चालू राहू शकते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ५ किलोव्होल्टचा एचटी फ्यूज ०.७ ते ०.८ अँपिअरचा येतो, तो घाला.

आता डिस्चार्ज. ८ ब्लीडर (कॅपॅसिटर रिकामे करणारे ते १०० किलोओहमचे रेझिस्टर) मिळून ८०० किलोओहम, टाइम कॉन्स्टंट २७ सेकंद. ३२५० वरून ५० व्होल्टखाली यायला जवळजवळ २ मिनिटं लागतात, तीही सगळे ब्लीडर शाबूत असतील तर. एक जरी उघडा पडला तरी त्या कॅपॅसिटरवर चार्ज तसाच राहतो, आणि तो कॅपॅसिटर वेगळा रिकामा करावा लागतो. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता शॉर्टिंगची काठी वापरा: सुक्या फायबरच्या दांड्याला हूक, हुकाला जाड लवचीक वायर, वायरचं दुसरं टोक चासीला बोल्टने कायमचं. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ५० ओहमचा रेझिस्टर किंवा एचटी फ्यूज उघडा पडलेला असेल, तर ॲनोडला हूक लावून कॅपॅसिटर रिकामे होत नाहीत. हूक कॅपॅसिटरच्या वरच्या टोकालाही लावायचा, आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्यायचा. एक हात मागे ठेवून काम करण्याची सवय जुनी आहे आणि योग्य आहे.

जाता जाता: बिनभाराला प्रत्येक कॅपॅसिटरवर ४०६ व्होल्ट आहेत. मेन्स १० टक्के वाढली की ४४७ होतात. ४५० च्या कॅपॅसिटरला हे फार जवळ आहे. आणखी दोन बसत असतील तर १० करा.

आउटपुट सॉकेटपासून चासीपर्यंत २.५ मिलिहेन्रीचा चोक आहे का? यादीत दिसला नाही. ब्लॉकिंग कॅपॅसिटर फुटला तर एचटी सरळ अँटेनावर जाते. हा चोक असेल तर ती जमिनीला जाऊन फ्यूज उडतो.

चिमणी

ट्यूबबद्दल थोडं. धातूच्या ॲनोडची ३-५००झेड पूर्ण भाराला लाल दिसणं हा दोष नाही. तिचा गेटर ॲनोडवरच असतो आणि ॲनोड तापल्यावरच तो वायू शोषतो. म्हणून नुसता फिलामेंट रात्रभर चालू ठेवून या ट्यूबमधला वायू फारसा निघत नाही. बायस दुरुस्त झाल्यावर आयडलपासून हळूहळू ड्राइव्ह वाढवत, ८० मीटरवर जुळलेल्या टँकमध्ये, ॲनोड मंद लाल होईल एवढं तिला १०-१५ मिनिटं चालवा, पंखा पूर्ण वेगाने. नारिंगी मात्र नको. ग्रॅफाइट ॲनोडच्या ट्यूबमध्ये हा रंग दिसत नाही, तिथे डोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

फिलामेंट ५ व्होल्ट, १४.६ अँपिअर. मोजायचं ते सॉकेटच्या १ आणि ५ पिनांवर, ट्रू आरएमएस मीटरने, एचटी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सोडवून. ४.७५ ते ५.२५ ही हद्द आहे. फिलामेंट चोकमध्ये किती पडतं ते विसरू नका: २ मिमी तारेचे, १२-१३ मिमी फेराइट रॉडवर दोन तारा सोबत गुंडाळून २४ वेढे घेतले तर दोन्ही तारा मिळून सुमारे ०.१८ व्होल्ट जातात. बारीक तार घेतली की ट्रान्सफॉर्मर ५ चा असूनही ट्यूबला साडेचार मिळतात, एमिशन पडतं आणि लोक ट्यूब बदलत बसतात. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण दहाव्या भागाइतका असतो, म्हणून प्रायमरीत स्टेप-स्टार्टचा रेझिस्टर आणि सेकंद-दोन सेकंदांनी तो शॉर्ट करणारा रिले हवा.

तुमची ट्यूब एवढी तापल्यावर पिनांचं कथिल एकदा बघाच. फिलामेंटच एकटा ७३ वॉट खातो आणि ती उष्णता पिनांवाटे खाली येते. काचेतून पिन बाहेर येते तिथलं तापमान २०० अंशांच्या आत राहायला हवं. पिनेच्या टोकाशी कथिल मळकट, खडबडीत किंवा ओघळलेलं दिसलं तर ते वितळून गेलंय. टोक स्वच्छ करून ताजं कथिल भरा, आणि सॉकेटच्या क्लिपा घट्ट आहेत का ते एकेक करून बघा, कारण सैल क्लिप १४ अँपिअरवर स्वतःच तापते. सॉकेट चासीला करकचून आवळू नका, किंचित हलता राहू द्या, नाहीतर ताण काचेवर येतो. हवा खालून सॉकेटमधून वर, काचेच्या चिमणीतून, ॲनोडच्या टोपीपर्यंत गेली पाहिजे. बंद करताना फिलामेंट काढल्यावरही पंखा ४-५ मिनिटं चालू ठेवा.

ग्रिडग्राउंड

मंडळी, मनापासून आभार. मोजमाप केलं, ते असं:

झेनर दोन्ही दिशांनी शॉर्ट. १२ डायोडची माळ लावली, आयडल ९४ मिलिअँपिअर, ॲनोडला रंग नाही. ॲनोडची किमान कॅपॅसिटन्स २६ पिकोफॅरड. ५० ओहमचा रेझिस्टर, डायोडच्या जोड्या, एचटी फ्यूज, आउटपुटचा चोक बसवले. ग्रिड मीटर बदलला. सप्रेसर २ वेढ्यांवर आणला, १५० ओहमचे ३ रेझिस्टर. ड्राइव्हशिवाय सगळ्या बँडवर ट्यून-लोड फिरवले, ग्रिड करंट शून्य. पिनांपैकी १ नंबरचं कथिल खरोखर ओघळलं होतं, ते भरून घेतलं. फिलामेंट पिनांवर ४.९ व्होल्ट.

नॅनोव्हीएनएवर १० मीटरचा टॅप सव्वासहाव्या वेढ्याला जुळला, १५ ला पूर्ण कॉइल. प्रत्यक्ष १० मीटरवर आता डिप मिळतो. ४५ वॉट ड्राइव्हला ५२० वॉट येतात, पण प्लेट ३२० आणि ग्रिड १५० मिलिअँपिअर. ८० मीटरवर ३५० ला ग्रिड ११५ असतो. हा फरक टँकच्या जास्त क्यूमुळे का?

टँककॉइल

नाही, लोडिंग हलकं आहे. पूर्ण ड्राइव्हला या ट्यूबचा ग्रिड करंट प्लेट करंटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा. तुमचा जवळजवळ निम्मा आहे. लोड हलकं असलं की ॲनोड व्होल्टेज खाली फार खोल जातं आणि ॲनोडकडे जायचे इलेक्ट्रॉन ग्रिड ओढून घेतो. लोड कॅपॅसिटर थोडा उघडा, म्हणजे कॅपॅसिटन्स कमी करा. प्लेट करंट वाढेल, ट्यूनने पुन्हा डिप घ्या, परत थोडा उघडा. प्लेट ३५० आणि ग्रिड ११५-१२० वर आले की थांबा. उलट ग्रिड ८०-९० वरच अडकला आणि प्लेट वाढत राहिला, तर लोड जास्त झालंय, जरा मिटा.

प्रत्येक वेळी ५ सेकंदांहून जास्त कॅरिअर नको, मध्ये १५-२० सेकंदांची विश्रांती. १० मीटरवर लोड कॅपॅसिटरची हालचाल फार नाजूक असते, डायलवर अर्धा अंश म्हणजेही बराच फरक.

कथिल_राळ

एक राहिलं. ड्राइव्ह देणाऱ्या रिगची (ट्रान्ससिव्हरची) पॉवर ४५ वॉटवर लावलेली असली तरी काही रिग की दाबताच पहिल्या क्षणी पूर्ण १०० वॉटचा झटका देतात, मग एएलसी (पॉवर आपोआप मर्यादेत ठेवणारं सर्किट) त्यांना खाली आणते. ३-५००झेड तो झटका सोसते, पण अँपचा अँटेना रिले तोपर्यंत बसलेला नसेल तर तो झटका लोड नसलेल्या टँकवर जातो आणि ठिणगी ट्यून कॅपॅसिटरमध्ये किंवा बँडस्विचवर पडते. उघड्या चौकटीच्या मोठ्या रिलेला बसायला १५-२० मिलिसेकंद लागतात. रिगच्या मेनूत ट्रान्समिट डिले असेल तर २५ मिलिसेकंद ठेवा. नसेल तर बायस चालू करणारा रिले अँटेना रिलेच्या मोकळ्या संपर्कातून फिरवा, म्हणजे अँटेना जोडल्याशिवाय ट्यूब जागीच होत नाही. बायस बंद असताना मधल्या टॅपमध्ये १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर राहू द्या, रिसीव्हमध्ये ट्यूब कटऑफला जाते आणि आयडलची उष्णताही वाचते.

ट्यूनच्या प्लेटांमधलं अंतर किती आहे? २ मिमीपेक्षा कमी असेल तर कळवा. ७३ (हॅम लोकांच्या शुभेच्छा).

ग्रिडग्राउंड

अंतर १.८ मिमी आहे, कडा गोलसर घासलेल्या. लोड उघडून प्लेट ३५०, ग्रिड ११८, आउटपुट ५६० वॉट. रिगचा डिले २५ वर ठेवला, बायसचा रिले अँटेना रिलेमधून घेतला. ७३.

कथिल_राळ

१.८ चालेल. आरएफचं शिखर अडीच हजार व्होल्टच्या आत आहे आणि डीसी ब्लॉकिंग कॅपॅसिटरने अडवलेलं आहे. फक्त धूळ साचू देऊ नका, दर काही महिन्यांनी मऊ ब्रशने प्लेटा झाडा. अर्थात शॉर्टिंगची काठी लावून.